बेंड पाईप हजारोंचा, पण खेळ सगळा दोन नटांचा. बाईकचा हेडर बदलण्याआधी हे वाचा

असली रील्स तुम्ही शंभरदा बघितली असतील. आधी गंजून तपकिरी पडलेला जुना बेंड पाईप दिसतो. मग कॅमेऱ्यावरून हात फिरतो आणि पुढच्या सेकंदाला त्याच बाईकला चकाचक स्टेनलेसचा नवा हेडर लागलेला असतो. मागे पंजाबी गाणं, खाली कमेंटमध्ये ‘भावा, केवढ्याला पडला?’

हात फिरवण्याच्या त्या एका सेकंदात काय काय घडलं असेल, ते मात्र कोणी दाखवत नाही. गंजलेला नट सुटत नाही, म्हणून पान्याला पाईप लावून जोर दिला जातो, ‘कट्’ असा बारीक आवाज येतो आणि नटासकट अर्धा स्टड हातात येतो. उरलेला अर्धा इंजिनाच्या हेडमध्येच. इथून पुढे विषय हेडरचा राहत नाही, तो इंजिनाचा होतो. कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा, बेंड पाईप बदलताना सगळ्यात जास्त नुकसान नवीन बसवताना होत नाही, जुना काढताना होतं. आणि ते होतं चुकीच्या पान्यामुळे, नाहीतर घाईमुळे.

म्हणून हा लेख कुठला हेडर भारी यावर नाही. तो काढायला आणि बसवायला कुठली हत्यारं लागतात, कुठले नट, स्टड आणि गॅस्केट घ्यायचे आणि का, यावर आहे.

आधी हेडर म्हणजे काय ते उरकून घेऊ. इंजिनाच्या सिलिंडर हेडमधून जळलेला वायू ज्या पहिल्या पाईपमध्ये येतो तो हेडर. बाईकच्या दुनियेत आपण त्याला बेंड पाईप म्हणतो, कारण तो हेडमधून निघून वळण घेत खाली जातो आणि पुढे सायलेन्सरला मिळतो. सिंगल सिलिंडरला एक, रॉयल एनफिल्डच्या ६५० सारख्या ट्विनला दोन. चारचाकीत चार सिलिंडरचे चार तोंडं एकत्र करणारा बिडाचा जाडजूड मॅनिफोल्ड असतो, तो काढून त्या जागी वेगवेगळ्या नळ्यांचा जुडगा बसवतात, त्यालाही हेडरच म्हणतात. आफ्टरमार्केट म्हणजे बाईकबरोबर कंपनीने न दिलेला, बाजारातून वेगळा घेतलेला.

पाईप घ्यायच्या आधी दोन प्रश्न

पहिला प्रश्न कायद्याचा. तो कंटाळवाणा वाटेल, पण पैसे गेल्यावर वाचण्यापेक्षा आत्ता वाचलेला बरा. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस ६ नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक बाईकमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारी जाळी, आणि ऑक्सिजन सेन्सर असतो. बऱ्याच मॉडेलमध्ये ही जाळी सायलेन्सरमध्ये नसून बेंड पाईपमध्येच असते. म्हणजे तुम्ही बेंड पाईप बदलला की प्रदूषण रोखणारा भागच काढून ठेवला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की, कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० च्या पोटकलम २ नुसार आवाज किंवा प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. जप्त केलेल्या सायलेन्सरवरून पोलीस रोडरोलर फिरवतायत हे व्हिडिओही तुम्ही पाहिलेच असतील.

म्हणजे हेडर बदलायचाच नाही का? तर तसं नाही. गंजून भोक पडलेल्या पाईपच्या जागी कंपनीच्या मापाचा नवा लावणं, जाळी कायम ठेवून बसणारा पाईप घेणं, फक्त ट्रॅकवर चालणारी बाईक तयार करणं, जुनी बाईक रिस्टोअर करणं, ही सगळी खरी कामं आहेत. खालची माहिती या सगळ्यांना सारखीच लागू होते. फक्त ‘जाळी काढली की दहा हॉर्सपॉवर वाढते’ असं कोणी सांगत असेल तर त्याच्याकडून नटसुद्धा घेऊ नका.

दुसरा प्रश्न मापाचा. तुमच्या बाईकच्या ऑक्सिजन सेन्सरचे आटे कोणत्या मापाचे आहेत? अनेक बाईकमध्ये सेन्सर १२ मिलिमीटर आट्यांचा असतो, तर बाजारातल्या पुष्कळ पाईपांवर वेल्ड केलेलं तोंड १८ मिलिमीटरचं असतं, कारण चारचाकीत तेच माप चालतं. पार्सल उघडल्यावर हे कळलं की अॅडाप्टर शोधत बाजारभर फिरावं लागतं. पाईप मागवण्याआधी विक्रेत्याला हे एक माप विचारलंत तरी तो तुम्हाला जाणकार समजेल.

पाईप हातात आला की त्याचा फ्लँज, म्हणजे हेडला चिकटणारी जाड पट्टी, काचेवर ठेवून बघा. ती डुगडुगली तर वेल्डिंगच्या उष्णतेने वाकलेली आहे, गॅस्केट कितीही भारी लावलं तरी ती गळणार. आत बोट घालून वेल्डचा गोळा आत आलाय का तेही तपासा. आणि लोहचुंबकाची परीक्षा घेऊ नका. ‘चुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस नाही’ हा समज अर्धवट आहे. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसला चुंबक जवळपास चिकटत नाही, पण ४०९ हाही स्टेनलेसच, त्याला व्यवस्थित चिकटतं, आणि गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये तो सर्रास वापरतात.

जुना नट सुटत का नाही?

इथे थोडं थांबू, कारण सगळी हत्यारं या एका प्रश्नाच्या उत्तरातून निघतात.

सिलिंडर हेड अॅल्युमिनियमचं असतं आणि त्यात फिरवून बसवलेला स्टड स्टीलचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये ओलावा आला, की अॅल्युमिनियम झिजू लागतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये साचते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे स्टड आवळला जातो. वर नटाच्या बाजूला साधा गंज. त्यात बेंड पाईप इंजिनाच्या पुढच्या तोंडाला, थेट पुढच्या चाकाच्या चिखलात. पावसाळ्यात ताम्हिणीला जाऊन आलात की तापलेल्या नटावर पाणी मारलंच म्हणून समजा. अलिबाग, रत्नागिरी, मालवण, गोव्याकडच्या बाईकला तर खारी हवा वर्षभर. तिथे पाच वर्षांची बाईक देशावरच्या दहा वर्षांच्या बाईकसारखी गंजते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. स्टेनलेसचा अर्धा मीटर लांबीचा पाईप ४०० अंशांनी तापला तर जवळपास साडेतीन मिलिमीटर लांब होतो. थंड झाला की पुन्हा आखडतो. प्रत्येक फेरीत हा ताण स्टडवर येतो. ऑफिसला जाऊन-येऊन दिवसाला दोन वेळा धरलं तरी पाच वर्षांत साडेतीन हजारांहून जास्त वेळा. त्यामुळे जुना स्टड वरून धडधाकट दिसला तरी आतून थकलेला असतो.

आता त्यावर एक फूट लांब पाना लावून माणूस लटकला तर काय होणार?

जरा आकडा बघू. छोट्या कम्युटर बाईकवर बेंड पाईपला सहसा ६ मिलिमीटरचे स्टड असतात, मोठ्यांवर ८ मिलिमीटरचे. सर्वसाधारण ८.८ ग्रेडचा ६ चा बोल्ट १० न्यूटन मीटरच्या आसपास घट्ट करतात आणि ८ चा २५ च्या आसपास. १० न्यूटन मीटर म्हणजे किती? २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पाच किलोची गव्हाची पिशवी टांगल्याएवढा जोर. २५ म्हणजे साडेबारा किलो. धडधाकट माणूस बसल्या जागी तीस किलोने सहज ओढतो. म्हणजे ६ चा स्टड तोडायला ताकद लागतच नाही, फक्त दुर्लक्ष लागतं.

काढायची हत्यारं

सगळ्यात पहिलं हत्यार म्हणजे पेनिट्रेटिंग ऑईल, म्हणजे आट्यांच्या फटीत झिरपणारं पातळ तेल. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा सगळ्यांना माहीत आहे आणि हलक्या गंजाला तो चालतो. पण खास गंज सोडवण्यासाठीचे स्प्रे वेगळे मिळतात, ते बरे. मारायचं कधी? काम रविवारी असेल तर शुक्रवारी रात्री एकदा, शनिवारी सकाळी आणि रात्री एकदा. इंजिन थंड असताना. मारून पाच मिनिटांत पाना लावणं म्हणजे तांदूळ भिजत घातले आणि लगेच वाटायला घेतले.

मग येतो पाना. घराघरात असतो तो रिंग पाना, बारा कोनांचा. नवीन नटावर तो छान चालतो, पण गंजून कोपरे झिजलेल्या नटावर तो घसरतो आणि उरलेले कोपरेही गोल करून टाकतो. इथे हवी सहा कोनांची गोटी, म्हणजे सॉकेट. ती कोपऱ्यांवर नाही, नटाच्या सपाट बाजूंवर जोर देते. आपल्याकडच्या बाईकवर ६ च्या स्टडला बहुतेक वेळा १० नंबरची गोटी बसते. ८ च्या स्टडचा नट काही बाईकवर १२ चा असतो, काहींवर १३ चा. १२ च्या नटावर १३ ची गोटी बसते खरी, पण सैल. तिथेच नट गोल होतो. तेव्हा दोन्ही घ्या, आणि हाताने हलवून बघा की कोणती गच्च बसते. नट आधीच झिजलेला असेल तर जुन्या मेकॅनिकांची एक युक्ती आहे. १३ च्या झिजलेल्या नटावर अर्ध्या इंचाची गोटी हातोडीने ठोकून बसवायची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे ती नटाला चावून बसते.

गोटीचा हँडल अर्ध्या इंची चौकाचा नको, ३/८ इंची घ्या. अर्ध्या इंचीचं डोकं मोठं असतं, ते फ्रेमच्या नळीत आणि लेग गार्डमध्ये अडकतं, आणि त्याचा लांब हँडल नको तेवढा जोर देतो. सोबत एक सहा इंची एक्स्टेन्शन. बजेट कमी असेल तर शंभर तुकड्यांचा चमकणारा ऑनलाईन सेट घेण्यापेक्षा चांगल्या धातूच्या चार सुट्या गोट्या घ्या. नाशिकला कारखाना असलेल्या टपारियासारख्या देशी ब्रँडच्या गोट्या गल्लीतल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट आणि पुण्यात नाना पेठ इथे फिरलात तर सुटी गोटी, सुटा स्टड, सुटा नट, सगळं हातात घेऊन बघता येतं. ऑनलाईनमध्ये हीच एक सोय नाही.

लेग गार्ड आधी काढून टाका, त्याच्या मागून वाकडा पाना घालणाऱ्यांनीच जास्तीत जास्त नट गोल केलेत. सेन्सर असेल तर आधी त्याच्या वायरचं कनेक्टर सोडवा, नाहीतर सेन्सर फिरवताना वायरला पीळ पडून ती आतून तुटते. बारा मिलिमीटरच्या सेन्सरला साधारण १७ चा पाना लागतो, अठराच्याला २२ चा. वायर बाहेर काढायला बाजूने चिरलेली खास गोटी मिळते.

आणि सोडवताना एकाच दिशेने ओढत राहू नका. नट पाव फेरा सैल झाला की थोडा परत घट्ट करा, तेल मारा, पुन्हा सैल करा. यामुळे आट्यांमधली गंजाची भुकटी बाहेर पडते. नट सुटायला लागला आणि अचानक मऊ, रबरासारखा वाटू लागला तर थांबा. तो सुटत नाहीये, स्टड पिळला जातोय. तेव्हा गॅरेजला फोन करायचा.

गॅस टॉर्चने नट तापवणं हा उपाय खरा आहे, मेकॅनिक तो रोज वापरतात. पण तुमच्या पार्किंगमध्ये, पेट्रोलच्या टाकीखाली, आणि तेही आत्ताच ज्वलनशील स्प्रे मारलेल्या नटावर? नको.

तुटलाच तर?

स्टड थोडा बाहेर राहिला असेल तर नशीब. त्यावर एक मोठा नट ठेवून मधून वेल्डिंग करतात. वेल्डिंगच्या उष्णतेने गंज सुटतो आणि नटाला पाना लावून तुकडा बाहेर येतो. स्टड सपाट तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून भोक पाडावं लागतं. अशा वेळी बाजारात मिळणारा ‘ईझी आऊट’, म्हणजे उलट्या आट्यांचा स्क्रू, नाव वाचून मोह पडावा असा आहे. पण तो अतिशय कडक पोलादाचा असतो आणि ठिसूळही. तो आत तुटला तर त्यात साधा ड्रिल चालत नाही, मग दोन तुटलेले तुकडे घेऊन हेड उतरवून लेथवाल्याकडे जावं लागतं. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हेडचे आटेच गेले तर हेलिकॉईल. ८ च्या स्टडसाठी साधारण ८.३ मिलिमीटरचं भोक पाडून, खास टॅपने नवे आटे काढून त्यात स्टेनलेस तारेची स्प्रिंग बसवतात आणि तिच्या आत पुन्हा ८ चा स्टड बसतो. हा जुगाड नाही. अॅल्युमिनियममध्ये मूळ आट्यांपेक्षा तो मजबूत ठरू शकतो. फक्त भोक सरळ पडलं पाहिजे, आणि ते हातातल्या ड्रिलने पाडणं कौशल्याचं काम आहे.

नट, स्टड, गॅस्केट: इथे कंजुषी नको

एवढा सगळा खटाटोप करून जुना पाईप निघाला, आणि मग बरेच जण काय करतात? तेच जुने नट, तेच चपटलेलं गॅस्केट पुसून परत लावतात. पाईपच्या किमतीपुढे या वस्तू म्हणजे चिल्लर. सगळं नवीन घ्या.

नट कोणता घ्यायचा यात एक चूक फार होते. आतमध्ये निळी किंवा पांढरी प्लास्टिकची रिंग असलेला नट असतो, नायलॉक म्हणतात त्याला. थरथरीने सैल होत नाही म्हणून लोक हौसेने बेंड पाईपला लावतात. पण ती रिंग नायलॉनची. साधारण १२० अंशांपर्यंतच तिचा भरवसा. हेडच्या तोंडाशी तापमान त्याच्या कितीतरी पुढे जातं, पहिल्याच राईडमध्ये रिंग वितळते आणि उरतो साधा नट, ज्यावर तुमचा मात्र गाढ विश्वास. इथे पूर्ण धातूचा लॉक नट हवा. त्याचं तोंड कारखान्यातच थोडं चपटं केलेलं असतं, म्हणून तो आट्यांना पकडून ठेवतो. तांब्याचा मुलामा दिलेले नट खास एक्झॉस्टसाठीच मिळतात, तांब्यामुळे ते स्टडला जाम चिकटत नाहीत. पितळी नटही याच कारणासाठी वापरले जातात. स्प्रिंग वायसरचा इथे फार उपयोग नाही, सतत तापून त्याची स्प्रिंगच मरते.

मग सगळंच स्टेनलेस का नाही? दिसायला तर छान. अडचण अशी की स्टेनलेसच्या स्टडवर स्टेनलेसचा नट कोरडा आणि भरभर फिरवला तर दोघांचे आटे घासून एकमेकांत वेल्ड झाल्यासारखे रुततात. ना पुढे जात, ना मागे येत. स्टेनलेस लावायचंच असेल तर आट्यांना अँटी-सीझ लावा, आणि हाताने हळू फिरवा.

अँटी-सीझ ही तांब्याच्या किंवा निकेलच्या बारीक भुकटीची पेस्ट. ग्रीस तापून जळून जातं, ही जळत नाही. तांब्याची पेस्ट हजार अंशांच्या आसपास टिकते, स्टेनलेसला निकेलची जास्त चांगली. पण ती लावताना एक भान ठेवायचं. आपण नट घट्ट करताना लावलेल्या जोरातला जवळपास नव्वद टक्के भाग घर्षणातच खर्च होतो, उरलेल्या दहा टक्क्यांनी पाईप हेडला दाबला जातो. पेस्टने घर्षण कमी झालं की तेवढ्याच जोरात दाब बराच वाढतो. म्हणून मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा असेल तर पेस्ट लावल्यावर तो पाव भागाने कमी धरतात. पेस्ट सेन्सरच्या आट्यांना चालते, टोकाला अजिबात लागू देऊ नका. नव्या सेन्सरला बहुतेक वेळा ती लावूनच येते.

गॅस्केटला आपले मेकॅनिक पॅकिंग म्हणतात. बाईकला सहसा तांब्याची पोकळ रिंग किंवा धातूच्या जाळीत ग्रॅफाईट भरलेली रिंग लागते. ती एकदा दाबली गेली की त्या जागेच्या आकाराची होते, दुसऱ्यांदा तशी दबत नाही. तांब्याची रिंग लालबुंद तापवून थंड केली की पुन्हा मऊ होते, हे खरं. जंगलात अडकलात तर करा. नाहीतर नवी घ्या, आणि बसवण्याआधी जुनी रिंग आत राहिली नाही ना ते टॉर्चने बघा. ती काजळीने काळी होऊन हेडचाच भाग वाटते.

काही जण फट भरायला लाल सिलिकॉन थापतात. सायलेन्सरच्या मागच्या जोडाला एक वेळ ठीक. हेडच्या तोंडाशी ते टिकत नाही. शिवाय साध्या सिलिकॉनच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होतो.

टॉर्क रेंच घेताना होणारी फसगत

ठरलेल्या आकड्यावर ‘टक्’ असा आवाज करणारा पाना म्हणजे टॉर्क रेंच. ऑनलाईन शोधलात तर स्वस्तात सगळ्यात आधी अर्ध्या इंचीचा, २८ ते २१० न्यूटन मीटरचा दिसेल. तो कारच्या चाकाच्या नटांसाठी आहे. तुम्हाला हवेत १० किंवा २० ते २५. म्हणजे तुमचा आकडा त्याच्या पट्टीवरच नाही, आणि तुम्ही ‘टक्’ची वाट बघत ओढत राहणार. घ्यायचा तर ५ ते २५ चा पाव इंची किंवा १० ते ६० च्या आसपासचा ३/८ इंची. जुन्या मॅन्युअलमध्ये आकडा किलो-मीटरमध्ये असतो, त्याला ९.८ ने गुणलं की न्यूटन मीटर होतात. काम झाल्यावर रेंचची पट्टी सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, यूट्यूबच्या कमेंटमधून नको.

वर्षातून एकदाच काम असेल तर विकत घ्यायची गरजही नाही. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून तासाभरासाठी मागा. बेंड पाईपला टॉर्क रेंच लागतो हे ऐकून तो हसला, तर गॅरेज बदला.

बसवताना क्रम चुकला की पाईप तडकतो

नवा पाईप घेतला की पहिल्यांदा हेडचे दोन्ही नट फक्त हाताने, चार-पाच आटे. मग मागचा सायलेन्सरचा जोड, मग फ्रेमला धरणारे क्लॅम्प, तेही सैलच. सगळं जागेवर लटकलं, कुठेही पाईप ओढला जात नाही हे बघितलं, की मगच घट्ट करायला सुरुवात, आणि ती हेडपासून. दोन्ही नट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा, म्हणजे फ्लँज तिरका बसणार नाही. क्लॅम्प सगळ्यात शेवटी. उलट क्रमाने, म्हणजे आधी मागून आवळत आलात तर पाईप कायमचा ताणात राहतो. वर सांगितलेले ते साडेतीन मिलिमीटर त्याला कुठेतरी जायला हवेत ना? जागा नसेल तर वेल्डजवळ तडा जातो.

सुरू करण्याआधी पाईपवरचे बोटांचे ठसे स्पिरिटने पुसा. हाताचा तेलकटपणा एकदा भाजला गेला की ठसा कायमचा उमटतो, आणि तुमच्या चकाचक हेडरवर तुमचाच अंगठा दिसत राहतो. हेडरला पट्टी गुंडाळायची फॅशन आहे, पण ती पाणी धरून ठेवते. कोकणात साध्या लोखंडी पाईपला ती गुंडाळणं म्हणजे ओल्या पोत्यात लोखंड बांधून ठेवणं.

इंजिन उघड्यावर सुरू करा. बंद पार्किंगमध्ये अजिबात नको, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. गार इंजिन सुरू केल्याबरोबर पहिल्या अर्ध्या मिनिटात हेडच्या जोडावर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे आले तर गळती. टिक-टिक असा कोरडा आवाज, जोडाभोवती काळी काजळी, ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटाके, ही पण तीच लक्षणं. त्या फटाक्यांवर बरेच जण खूश होतात. पण गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. मग ‘हेडर लावला आणि अॅव्हरेज पडलं’ अशी तक्रार सुरू.

पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर बाईक पूर्ण गार होऊ द्या आणि नट त्याच आकड्यावर पुन्हा तपासा. नवं गॅस्केट पहिल्या तापण्यात थोडं दबतं, त्यामुळे नट किंचित सैल झालेले असतात. गरम असताना तपासू नका, हात भाजेल आणि आकडाही चुकीचा येईल.

काढलेला कंपनीचा बेंड पाईप भंगारात देऊ नका. तेलाचा हात मारून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाका. बाईक विकताना गिऱ्हाईक तो मागतंच, आणि पीयूसीच्या किंवा सर्व्हिस सेंटरच्या दारातून परत यायची वेळ आली तर तोच लागतो.